मुक्कामी स्वयंपाकासाठी शेगडी कशी निवडावी

मुक्कामाच्या सहलीसाठी शेगडी घेताना बहुतेक जण आधी दुकानात जातात आणि काय शिजवायचे याचा विचार नंतर करतात. हा क्रम उलटा केला, तर निम्मी निवड घरबसल्या होते. जेवणात काय असेल, माणसे किती, मुक्काम कोठे आणि तेथवर जायचे कशाने, या चार गोष्टी कागदावर लिहून काढल्या की दुकानातील निम्म्याहून अधिक शेगड्या आपल्या कामाच्या नाहीत, हे आपोआप लक्षात येते.

यांतली पहिली गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. गिर्यारोहकांसाठी म्हणून जे लहान, घडीचे बर्नर विकले जातात, त्यांची रचना मुख्यतः पाणी उकळण्यासाठी केलेली असते. तयार अन्नाच्या पाकिटात उकळते पाणी ओतले की ज्यांचे जेवण होते, त्यांना ते उत्तम आहेत. मराठवाड्यातली मंडळी रानात मुक्कामाला गेली की त्यांना ज्वारीची भाकरी, पिठलं, वांग्याचे भरीत, खिचडी आणि ठेचा लागतो. या लहान बर्नरची ज्योत तव्याच्या मध्यावर दीड-दोन इंचांच्या वर्तुळात एकवटते, त्यामुळे भाकरीचा मधला भाग करपतो आणि कडा कच्च्या राहतात. तवा सतत फिरवत राहिल्यास काही प्रमाणात निभावते, पण दहा-बारा भाकऱ्या करणाऱ्याचा जीव त्यात मेटाकुटीला येतो. भाकरीला रुंद तोंडाचा बर्नर हवा आणि त्याखाली न डगमगणारी बैठक हवी, कारण पिठलं घोटताना किंवा खिचडी खालून वर हलवताना एका हाताचा जोर भांड्यावर पडतोच.

त्यामुळे भाकरी तेथेच थापायची की घरून काही न्यायचे, हे आधी ठरवावे. दुधात भिजवलेल्या दशम्या आणि तिखटमिठाचे धपाटे प्रवासासाठीच केले जातात आणि थंडीच्या दिवसांत दोन दिवस चांगले टिकतात. शेंगदाण्याची चटणी आणि धपाटे सोबत असतील, तर मुक्कामी फक्त चहा, एखादा भात आणि पिण्याचे पाणी उकळणे एवढेच काम उरते आणि त्यासाठी लहान बर्नरही पुरतो. मुलाबाळांसह दोन दिवस राहायचे असेल आणि ताजे गरम जेवण हवे असेल, तर निवड वेगळी होते.

अशा चार-सहा जणांच्या कुटुंबासाठी, जे आपल्या वाहनाने जाणार आहेत, माझी स्पष्ट शिफारस ब्यूटेनच्या डब्यावर चालणाऱ्या सपाट, टेबलावर ठेवण्याच्या शेगडीची आहे. तिचा आकार घरच्या एकचुली शेगडीसारखा असतो, बर्नर रुंद असतो, पेटवण्यासाठी ठिणगी देण्याची सोय अंगचीच असते आणि सुमारे २२० ते २३० ग्रॅम गॅसचा लांबट डबा तिच्या बाजूच्या कप्प्यात आडवा बसतो. तिची उंची कमी असल्याने ती सहजासहजी कलंडत नाही. मात्र तिच्या बाबतीत एक नियम काटेकोरपणे पाळावा लागतो. बर्नरपेक्षा फार मोठा तवा किंवा पातेले ठेवले, तर त्याची कड गॅसच्या कप्प्यावर येते, परावर्तित उष्णतेने डबा तापतो, आतला दाब वाढतो आणि डबा फुटण्याची शक्यता निर्माण होते. म्हणून घरातला मोठा बिडाचा तवा उचलून नेऊ नये. शेगडीवर भांड्याचा जो कमाल आकार छापलेला असेल त्याच्या आतला, आठ-नऊ इंचांचा तवा निवडावा आणि भाकऱ्याही त्या मापाच्या थापाव्यात. एकाच वेळी दोन शेगड्या एकमेकींना चिकटवून वर मोठे पातेले ठेवण्याचा प्रकार काही जण करतात, तो कधीही करू नये. चांगल्या शेगडीत दाब वाढल्यास डबा आपोआप सुटण्याची व्यवस्था असते आणि ती आहे का, हे विकत घेतानाच विचारून घ्यावे.

या शेगडीची दुसरी मर्यादा थंडीत दिसते. शुद्ध ब्यूटेन शून्य अंश सेल्सिअसच्या किंचित खाली, म्हणजे उणे अर्ध्या अंशाला उकळू लागतो. मराठवाड्यात शून्य अंश कधी येतो, असा प्रश्न कोणी विचारील, परंतु परभणीच्या परिसरात हिवाळ्यात किमान तापमान पाच-सहा अंशांपर्यंत उतरते आणि गॅस डब्यातून बाहेर पडताना डब्याचीच उष्णता शोषून घेत असल्याने डबा भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतो. पहाटेच्या चहाला ज्योत मलूल होते ती याच कारणाने, गॅस संपला म्हणून नव्हे. रात्री डबा पांघरुणात गुंडाळून ठेवावा किंवा सकाळी शेगडीत बसवण्यापूर्वी थोडा वेळ विहिरीच्या ताज्या पाण्यात उभा करून, कोरडा पुसून मग लावावा. विहिरीचे पाणी हिवाळ्यात कोमट असते आणि तेवढी ऊब पुरते. डबा विस्तवाजवळ धरणे किंवा उकळत्या पाण्यात ठेवणे हा जिवाशी खेळ आहे. डब्यावर आयसोब्यूटेन किंवा प्रोपेनचे मिश्रण असल्याचे लिहिलेले असेल, तर तो थंडीत अधिक चांगला चालतो, कारण आयसोब्यूटेन उणे बारा अंशांच्या आसपास आणि प्रोपेन उणे बेचाळीस अंशांना उकळतो. मिश्रणाचा डबा मात्र शेगडी ज्या प्रकारासाठी बनवलेली आहे, त्याच प्रकारचा असला पाहिजे.

इंधन किती न्यावे, याचा हिशेब फारसा अवघड नाही. एक लिटर पाणी २५ अंशांपासून उकळीपर्यंत नेण्यास सुमारे ३१५ किलोज्यूल उष्णता लागते. एक किलो गॅसमध्ये सुमारे ४६ मेगाज्यूल उष्णता असते आणि शेगडीवर त्यातली निम्मी पाण्यापर्यंत पोहोचते असे धरले, तर वारा नसताना लिटरभर पाण्यास १३ ते १५ ग्रॅम गॅस लागतो. दोन किलोवॅटचा बर्नर पूर्ण ज्योतीवर तासाला सुमारे १६० ग्रॅम गॅस जाळतो. यावरून चौघांचा दिवस मांडून पाहावा. दोन वेळचा चहा आणि थोडे गरम पाणी यांना ४५ ग्रॅम, दुपारच्या कुकरमधल्या खिचडीला ६५ ग्रॅम, संध्याकाळच्या दहा-बारा भाकऱ्यांना शंभर ग्रॅम आणि पिठल्याला २५ ग्रॅम, असे एकूण सुमारे २३५ ग्रॅम होतात. म्हणजे ताजा स्वयंपाक करणाऱ्या चौघांना दिवसाला साधारण एक डबा लागतो आणि वाऱ्यासाठी एक डबा जादा ठेवावा. यात सर्वांत मोठा वाटा भाकरीचा आहे, हे लक्षात घेतले म्हणजे धपाटे घरून नेण्याचा विचार पुन्हा एकदा करावासा वाटेल. तुरीची डाळ शिजायला वेळ घेते, म्हणून ती नेण्याऐवजी मुगाची न्यावी किंवा तुरीची निघण्यापूर्वीच भिजत घालावी आणि लहान का होईना, कुकर अवश्य न्यावा.

आता वाऱ्याबद्दल. माझ्या मते शेगडीच्या निवडीत सर्वांत दुर्लक्षित राहणारी बाब हीच आहे. बालाघाटच्या पठारावर, पाटोद्याच्या आणि धाराशिवच्या परिसरात पवनचक्क्या उभ्या आहेत त्या उगीच नाहीत. सौताड्याच्या धबधब्याकडे पावसाळ्यात गेलेल्यांनी पश्चिमेकडून येणारा तो वारा अंगावर घेतलेला असतो. जायकवाडी धरणाच्या नाथसागर जलाशयाच्या मोकळ्या काठावरही वारा अडवायला काही नसते. उघड्या वाऱ्यात ज्योत भांड्याखालून बाजूला वाहून जाते आणि इंधन दुप्पट-तिप्पट खर्च होऊनही पाणी उकळत नाही. त्यामुळे शेगडी किती किलोवॅटची आहे यापेक्षा तिच्या बर्नरभोवती वारा अडवणारी कड आहे का आणि भांडे ज्योतीपासून किती अंतरावर बसते, हे आधी पाहावे. मुक्कामाची जागा निवडताना शेताचा बांध, दगडी ताल किंवा मोठी शिळा यांचा आडोसा शोधावा. पत्र्याचा घडीचा आडोसा न्यायचा असेल, तर तो तीनच बाजूंनी लावावा आणि डब्याची बाजू मोकळी ठेवावी. डब्यासह चारही बाजूंनी झाकलेली शेगडी आतून तापत जाते. मोटारीच्या आडोशाला स्वयंपाक करणाऱ्यांनी इंधनाच्या टाकीची बाजू टाळावी.

वारा आणि पाऊस यांना कंटाळून शेगडी तंबूत घेण्याचा मोह होतो. तो कितीही झाला तरी आवरावा. बंद जागेत ज्योतीला हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही आणि माणूस गुंगीतच दगावतो. तंबूचे कापड क्षणात पेट घेते, ते वेगळेच. पावसाळी मुक्काम असेल, तर स्वयंपाकासाठी चारही बाजूंनी मोकळी, उंच ताडपत्री बांधावी आणि तीही शक्य नसेल, तर त्या वेळचे जेवण कोरडे ठेवावे.

पाठीवर सामान घेऊन चालणाऱ्यांसाठी, म्हणजे पितळखोऱ्याच्या किंवा अंतूर किल्ल्याच्या बाजूने डोंगर तुडवणाऱ्यांसाठी, सपाट शेगडी जड होते. त्यांनी आट्यांच्या, म्हणजे फिरवून बसवायच्या, गॅसच्या डब्यावर बसणारा लहान बर्नर घ्यावा. हे डबे साधारण १००, २३० आणि ४५० ग्रॅमचे मिळतात. यांत डब्यावर बर्नर आणि बर्नरवर भांडे अशी उतरंड होते, म्हणून लिटर-दीड लिटरपेक्षा मोठे पातेले त्यावर ठेवू नये. डबा खाली आणि बर्नर नळीने जोडलेला बाजूला, अशी रचना मिळाली तर ती अधिक स्थिर असते आणि थोडे जास्त पैसे देऊनही घ्यावी. ‘उंचीवर चालणारा’ अशी जाहिरात पाहून मात्र जादा पैसे देण्याचे कारण नाही. म्हैसमाळचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे एक हजार मीटर उंच आहे. तेथे पाणी ९६-९७ अंशांना उकळते आणि त्यामुळे डाळ शिजायला लागणारा थोडा जास्त वेळ कुकर भरून काढतो.

पंधरा-वीस जणांचा गट असेल, शाळेची किंवा मित्रमंडळाची सहल असेल, तर लहान डब्यांचा हिशेब परवडत नाही. तेथे तेल कंपन्यांच्या वितरकांकडे मिळणारा पाच किलोचा अधिकृत सिलिंडर, रेग्युलेटर, आयएसआय चिन्हाची नळी आणि रुंद लोखंडी शेगडी हाच योग्य संच आहे. रिकाम्या टाकीचे वजनच आतल्या गॅसपेक्षा जास्त असते, तेव्हा हे काम वाहनाचे आहे. सिलिंडर घेताना वरच्या पट्टीवर रंगवलेला संकेत वाचावा. ए, बी, सी आणि डी ही अक्षरे वर्षाच्या चार तिमाही दाखवतात आणि पुढचा आकडा वर्ष दाखवतो. ‘सी २७’ असे लिहिले असेल, तर त्या टाकीची चाचणी जुलै ते सप्टेंबर २०२७ मध्ये करणे आवश्यक आहे. ती मुदत उलटून गेलेली टाकी घेऊ नये. बाजारात दोन-तीन किलोच्या, कोणतेही चिन्ह नसलेल्या टाक्या मिळतात आणि घरगुती सिलिंडरमधून त्या चोरून भरूनही दिल्या जातात. असे भरणे बेकायदा आहेच, शिवाय टाकी किती भरली याचा काही हिशेब नसतो आणि उन्हात गॅस प्रसरण पावण्यासाठी जी मोकळी जागा आत राहायला हवी, ती राहिलेली नसते. स्वस्त म्हणून ती टाकी मुलांच्या सहलीत नेणाऱ्याला थांबवणे हे मी प्रत्येकाचे कर्तव्य समजतो.

चुलीचा विषय निघाल्याशिवाय आपल्याकडे ही चर्चा पूर्ण होत नाही आणि तिची ओढ खरीच आहे. निखाऱ्यावर टम्म फुगलेल्या भाकरीची चव गॅसवर येत नाही, हे मान्य करूनच पुढे बोलावे. प्रश्न जागेचा आहे. गौताळा औट्रमघाट किंवा येडशी रामलिंग यांसारख्या अभयारण्यांत वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्याला धोका पोहोचेल अशा रीतीने विस्तव पेटवणे किंवा पेटता सोडणे यांवर बंदी आहे आणि राखीव जंगलात भारतीय वन अधिनियम, १९२७ लागू होतो. आपली जंगले पानगळीची आहेत. फेब्रुवारीपासून पावसापर्यंत जमिनीवर वाळलेल्या पानांचा थर आणि डोंगरउतारावर कुसळी गवत असते, त्यात एक ठिणगी वणव्याला पुरते. तेथे चूल तर नकोच, शेगडीदेखील वनविभागाने परवानगी दिलेल्या जागीच लावावी. देवगिरीच्या किल्ल्यासारख्या संरक्षित स्मारकांच्या आवारात स्वयंपाक करण्याचा विचारही करू नये.

चूल शोभते ती शेतात, मालकाच्या परवानगीने, पीक निघालेल्या मोकळ्या जागेवर आणि गंजी, कडबा व उसाचे पाचट यांपासून दूर. सरपण आपले आपण न्यावे किंवा शेतकऱ्याकडून विकत घ्यावे. झाडे तोडू नयेत. तुराट्या आणि पऱ्हाट्या लवकर पेटतात, मोठी ज्योत देतात आणि तितक्याच लवकर विझतात, म्हणून त्यांचा उपयोग चूल पेटवायला आणि चहाला करावा. भाकरीसाठी बाभळीची लाकडे हवीत, त्यांचे निखारे टिकतात. गोवऱ्यांची आच मंद आणि दीर्घ असते, म्हणून हुरड्याच्या आगटीला आणि वांगी भाजायला त्यांच्याइतके योग्य काही नाही. तीन दगडांच्या उघड्या चुलीत लाकडातली बहुतांश उष्णता हवेत जाते. त्यापेक्षा दोन-अडीच फूट लांबीचा उथळ चर वाऱ्याच्या दिशेने खणून त्यावर भांडे ठेवले, तर सरपण कमी लागते आणि ठिणग्याही उडत नाहीत. भेगाळलेल्या काळ्या रानात मात्र चर खणण्यापूर्वी भेगा मातीने बुजवाव्यात, कारण निखारे त्यांत पडून दिसेनासे होतात. चुलीचा आणखी एक खर्च पाण्याचा आहे आणि आपल्या भागात तो क्षुल्लक नाही. काजळी चढलेली पातेली घासायला जेवणापेक्षा जास्त पाणी लागते. भांड्याच्या बुडाला बाहेरून ओल्या मातीचा पातळ लेप देऊन मगच ते चुलीवर चढवावे. काजळी मातीवर बसते आणि थोड्या पाण्यात लेपासकट निघून जाते. निघताना राखेवर पाणी ओतून, काठीने हलवून, पुन्हा पाणी ओतावे आणि राख हाताला थंड लागल्यावरच जागा सोडावी.

रॉकेलचा पंप मारायचा स्टोव्ह ज्यांच्या घरी आहे आणि जो चालवायला ज्यांच्या हाताला सवय आहे, त्यांनी तो खुशाल न्यावा. फ्रान्स लिंडक्विस्ट यांनी १८९२ साली स्वीडनमध्ये घडवलेल्या या रचनेची ताकद अजूनही मोठी आहे, थंडीचा तिच्यावर परिणाम होत नाही आणि वाऱ्यालाही ती बऱ्यापैकी दाद देत नाही. पिन, वायसर आणि बर्नर तापवायचे स्पिरिट सोबत हवे, रॉकेलची बाटली पिठापासून दूर ठेवायला हवी आणि त्यात कोणत्याही परिस्थितीत पेट्रोल घालता कामा नये. नव्याने शेगडी घेणाऱ्याला मात्र मी हा मार्ग सुचवणार नाही, कारण रॉकेल आता पूर्वीसारखे सहज मिळत नाही. स्पिरिटच्या लहान शेगड्यांची ज्योत दिवसा दिसत नाही आणि विझली असे समजून वरून इंधन ओतताना अपघात होतात. मुले सोबत असतील तर त्या टाळाव्यात. घन इंधनाच्या वड्या एखाद्या वेळच्या चहापुरत्या ठीक आहेत.

प्रवासाचे साधन ही निवडीतली शेवटची, पण निर्णायक अट आहे. नांदेडहून किंवा परभणीहून रेल्वेने येणाऱ्यांना गॅसचा डबा, सिलिंडर, रॉकेल यांपैकी काहीही सोबत नेता येत नाही. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १६४ नुसार धोकादायक वस्तू घेऊन प्रवास केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात आणि ज्वलनशील वस्तू एसटीतही नेऊ नयेत. अशा वेळी कधीही इंधन न भरलेली कोरी शेगडी न्यावी आणि डबे उतरण्याच्या शहरात घ्यावेत किंवा तिकडच्या सोबत्याला आणायला सांगावे. मोटारीने जाणाऱ्यांची अडचण वेगळी आहे. गॅसच्या डब्यांवर ५० अंशांपेक्षा जास्त तापमानात ठेवू नये अशी सूचना असते आणि एप्रिल-मेमध्ये बाहेर ४२-४३ अंश असताना बंद मोटारीच्या आतले तापमान ती मर्यादा सहज ओलांडते. डबे ओल्या पोत्यात गुंडाळून सावलीत उतरवून ठेवावेत, गाडीत विसरू नयेत.

विकत घेतलेली शेगडी थेट रानात पेटवू नये. निघण्याच्या आधी आठवडाभर ती घराच्या गच्चीवर किंवा अंगणात एकदा पूर्ण चालवून पाहावी. जोडांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते बघावे. गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो खोलगट जागी साचतो, म्हणून ही तपासणीही उघड्यावरच करावी. ज्योत निळी आणि शांत असावी. पिवळी ज्योत भांडे काळे करते आणि हवेचे प्रमाण चुकल्याचे सांगते. नंतर डबा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून वजन लिहून घ्यावे, लिटरभर पाणी उकळावे, एक भाकरी भाजावी आणि पुन्हा वजन करावे. या दोन आकड्यांतून आपल्या शेगडीचा खरा खर्च कळतो आणि वर दिलेल्या अंदाजात त्यानुसार बदल करता येतो. सहलीहून परतल्यावर अर्धवट राहिलेल्या डब्याचे वजन त्याच्यावरच पेनाने लिहून ठेवावे, झाकण लावून तो थंड, हवेशीर जागी उभा ठेवावा आणि रिकामे डबे चुलीत किंवा रानात न टाकता घरी आणून भंगारवाल्याला ते गॅसचे आहेत असे सांगून द्यावेत.